गाय माजावर येईना, पीजीचं (प्रोस्टाग्लँडिन हार्मोनचं) इंजेक्शन किती एमएल? (हिंगणा, नागपूर)

गोठा_हिंगणा: एचएफ (होल्स्टीन) संकरित गाय, दुसरं वेत. माजावरच येत नाही. दुकानातून पीजी आणलं आहे. किती एमएल आणि कुठं टोचायचं, तेवढं सांगा. मिनरल मिक्श्चर चालू आहे, त्यावर भाषण नको.

काटोलकर: व्यायली कधी?

गोठा_हिंगणा: पोळ्याला. त्यानं काय फरक पडते?

शेतीमित्र: भाऊ, मोड आलेले गहू द्या रोज सकाळी. माझी म्हैस त्याच्यावरच माजावर आली. इंजेक्शनानं गाय नासते.

सेमिनरी_हिल्स: मी व्हेटरनरीला शिकतो. पीजी बीजांडावरचा पिवळा पिंड विरघळवतं, मग दोन ते पाच दिवसांत माज येतो. पिंडच नसेल तर पीजी म्हणजे पाणी.

काटोलकर: एकट्या पीजीचा जमाना गेला. ओव्हसिंक करा. आज जीएनआरएच (बीज सोडवणारं हार्मोन), ७ दिवसांनी पीजी, त्याच्या २ दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी रेतन. माज पाहत बसाची गरजच नाही.

सेमिनरी_हिल्स: तपासणी न करता?

उमरेड_डेअरी: पान्हा सोडत नसेल तर ऑक्सिटोसिन अजिबात टोचू नका.

काटोलकर: पान्ह्याचं विचारलं कोणी?

सेमिनरी_हिल्स: शेवटचं रेतन कधी झालं?

गोठा_हिंगणा: संक्रांतीला भरवली होती एकदा. तेव्हापासूनच तर माज नाही!!

काटोलकर: अरे राजेहो, हे आधी सांगाचं ना! गाभण असली तर पीजीनं गाभडन ते.

गोठा_हिंगणा: गाभण नसन. मागच्या वेताला तीनदा उलटली होती, रेतन फुकट गेलं.

सेमिनरी_हिल्स: मागच्या वेताचं सोडा. होळी आली, दोन महिने होत आले. डॉक्टर हात घालून सांगतील. तोवर कुपी उघडू नका. आणि टोचणार कोण होतं?

गोठा_हिंगणा: सूनबाई. तिचा हात हलका आहे. सातवा लागला म्हणून पुढच्या आठवड्यात माहेरी जाणार, त्याच्या आधी उरकून घ्यावं म्हटलं.

सेमिनरी_हिल्स: काका, त्यांना कुपीला हातही लावू देऊ नका! पीजी कातडीतून अंगात जातं, गरोदर बाईला धोका आहे. दमेकऱ्यांनाही.

गोठा_हिंगणा: दुकानदार तर काही बोलला नाही.

उमरेड_डेअरी: म्हणून म्हणतो, आपली देशी गवळाऊ गाय ठेवा. असली झंझट नाही.

काटोलकर: दूध किती देते तेही सांगा मग.

गोठा_हिंगणा: डॉक्टर उद्या सकाळी येतो म्हणाले. खोकं आलमारीच्या वर ठेवलं. डोस मात्र कोणीच सांगितला नाही.