बँक बुडवणाऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा कधी चढणार?

हिंगणघाटकर:
सरळच विचारतो. शेतकऱ्याचं कर्ज थकलं की सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढते. सातबाऱ्यावर बोजा आधीचाच असतो. मग जप्तीची नोटीस, मग गावभर बोभाटा. पण ज्यांनी बँकच बुडवली, त्यांच्या सातबाऱ्याला हात लागायला किती वर्षं जावी लागतात?

नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचं घ्या. २००१-०२ मध्ये सरकारी रोखे घ्यायचे म्हणून खाजगी दलाल कंपन्यांना सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम दिली. रोखे आलेच नाहीत. व्याजासकट आकडा दीडशे कोटींवर गेला. त्यातली एक कंपनी होम ट्रेड. सचिन, शाहरुख, हृतिक तिघंही तिच्या जाहिरातीत, अन् जाहिरात संपली तरी कंपनी विकते काय ते कळत नसे. आमची वर्धा जिल्हा बँकही त्याच आगीत पोळली. नागपूरच्या खटल्याचा निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. तत्कालीन अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, केदारांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं, जानेवारी २०२४ मध्ये हायकोर्टानं जामीन दिला. तो त्यांचा हक्क, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार मधल्या एकवीस वर्षांबद्दल आहे. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्धा, बुलडाणा या तिन्ही जिल्हा बँकांना नवीन ठेवी घ्यायला मनाई केली. पीककर्ज आटलं. राष्ट्रीयीकृत बँकेत गेलं तर उत्तर काय, 'तुमचं गाव आमच्याकडे दत्तक नाही.' मग उरले कृषी केंद्रवाला अन् सावकार. शेवटी बँका उभ्या करायला सरकारनं पैसे टाकले, म्हणजे तुमचे-माझेच.

माझं म्हणणं एवढंच. बँक बुडाली की संचालक, व्यवस्थापक अन् ऑडिटर यांच्या मालमत्ता पहिल्या महिन्यातच गोठवा. सहकार कायद्यात नुकसानीची जबाबदारी ठरवायला कलम ८८ आहेच. फौजदारी खटला मग चालू द्या वीस वर्षं. जेल झाली म्हणून कोणाची ठेव परत आली, असं मी तरी पाहिलं नाही.

अंबानगरी:
हिंगणघाटकर भाऊ, माझं आयुष्य बँकेत गेलं, म्हणून थोडं टोचेल असं लिहितो. तुमच्या पोस्टीत कर्ज बुडणं अन् घोटाळा हे दोन्ही एकाच पोत्यात आहेत. दहा कर्जं दिली तर एक-दोन बुडतातच, तो धंदाच तसा. पहिल्या महिन्यात सगळ्यांची मालमत्ता गोठवायची म्हटली तर प्रामाणिक माणूस संचालक होईल का? जो होईल तो सगळं बायकोच्या, साळ्याच्या नावावर करूनच खुर्चीत बसेल.

दुसरं, चौकशीचा धसका घेतलेला मॅनेजर काय करतो ते मी आतून पाहिलंय. तो सहीच करत नाही. फाइल 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी' वर जाते अन् तिथंच झोपते. पहिला फटका कोणाला बसतो? ज्याला जूनच्या पहिल्या पावसाआधी बियाण्याला पैसे पाहिजेत त्यालाच.

आणि दरवेळी 'उद्योगपतींना लाखो कोटी माफ' हे जे फिरतं, ते चूक आहे. राइट-ऑफ म्हणजे ताळेबंदातून काढलं, वसुली चालूच राहते. अमेरिकेत २००८ मध्ये बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरची योजना मंजूर झाली, तिच्यावरही असाच ओरडा झाला. बँकांना दिलेले पैसे परत आले, वर सरकारला नफा झाला.

हिंगणघाटकर:
@अंबानगरी काकाजी, रोख्यांचा कागद हातात न घेता सव्वाशे कोटी देणं हे कर्ज बुडणं नव्हे. जिनिंगवाल्यानं वजनकाट्यावर कापसाची गाडी न चढवताच पट्टी फाडून पैसे मोजले, तर त्याला कोणी धंद्यातली खोट म्हणेल का?

राइट-ऑफचं मान्य, वसुली चालू राहते. किती येते तेही सांगा की. संसदेत सरकारनंच उत्तर दिलंय, २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी साडेचौदा लाख कोटी राइट-ऑफ केले, त्यातले निम्मे मोठ्या उद्योग-सेवांचे. आणि ८ जून २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचा. जाणूनबुजून बुडवणाऱ्याशीही तडजोड करायला मुभा आहे, अन् तडजोड केलेला इतर कर्जदार किमान बारा महिने थांबला की त्याला नवीन कर्जाचा रस्ता मोकळा; जाणूनबुजून बुडवणाऱ्यावरची बंधनं तेवढी चालू राहतात. आमच्याकडे शेतकऱ्यानं एकरकमी परतफेड केली की बँकेतला बाबू म्हणतो, 'तुमचा सिबिल खराब आहे, पुढच्या हंगामात पाहू.' कोणता हंगाम, ते सांगत नाही.

तुरीचे_घुगरे:
जाऊ द्या ना बाप्पा. मोठ्याचं बुडलं त त्याले 'तणावग्रस्त मालमत्ता' म्हन्तेत, आमचं बुडलं त आमीच तणावग्रस्त.

जुना गटसचिव:
धागा वाचून राहवलं नाही. मी सोसायटीत गटसचिव होतो, आता घरी आहे. सगळे वरचं बोलून राहिले, थोडं खालचं सांगतो.

मार्च आला की आमच्याकडे 'नवं-जुनं' चालायचं. शेतकऱ्यानं मागचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तर सरकारच्या योजनेत व्याज माफ होते, अन् नवीन कर्ज मिळते. आता मार्चमध्ये कापूस विकून झालेला, पैसा लग्नात नाही तर दवाखान्यात गेलेला. मग गावातलाच एकजण आठ-दहा दिवसांसाठी रक्कम द्यायचा. शेकडा दोन-तीन रुपये, तेही आधीच कापून. शेतकरी सकाळी भरणा करायचा, नवीन कर्ज खात्यात पडलं की विड्रॉल स्लिपवर सही, अन् तो माणूस बँकेच्या पायरीवरच पैसे मोजून घ्यायचा. त्याच नोटा दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या भरण्यात. एकच बंडल अर्धा गाव फिरून यायचं. आमच्या रजिस्टरवर वसुली ९० टक्क्यांच्या वर, तालुक्याला शाबासकी.

वसुली झालीच नव्हती. जुनं कर्ज नव्या कर्जातून फिटलं होतं, अन् हे साखळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मोठ्या बँका मोठ्या कंपन्यांसोबत हेच करतात तेव्हा त्याला एव्हरग्रीनिंग म्हणतात अन् चौकशी लागते. फरक एवढाच की तिथं त्या कागदावर बोनस मिळतो. एखाद्या साली बोंडअळी आली, नवं-जुनं करायलाही कोणी पैसे देईना, की सगळं उघडं पडायचं. मग म्हणायचं, शेतकऱ्यानं बुडवलं.

म्हणून जबाबदारी धरायची तर आकडे ज्यांनी गोड मानून घेतले तिथून धरा. ऑडिटरनं मार्चच्या शेवटच्या आठवड्यातले भरणे अन् एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली उचल शेजारी ठेवून पाहिली असती तर एका दुपारचं काम होतं.

अकोटचा, सध्या पुणे:
लोकप्रिय नसलेलं मत मांडतो. चपला तयार ठेवा.

संचालकांना निवडून कोण देतं? आपणच. पॅनेल कोणाचं, जेवण कुठं, जातीचा कोण, यावर मतं पडतात. ताळेबंद किती सभासदांनी वाचला? आमसभेत 'मंजूर, मंजूर' ओरडून चहा-चिवड्याकडे पळणारे आपलेच काका-मामा. तीच गोष्ट ठेवीदारांची. सरकारी बँक सहा-सात टक्के देत असताना पतसंस्था बारा देते, तेव्हा ते वरचे पाच टक्के कशाचे, हा प्रश्न पडत नाही? ते जोखमीचे असतात.

आणि कर्जमाफी. २००८, २०१७, २०१९. दर निवडणुकीत माफीची आशा दाखवली की भरणारा पण थांबतो. बँका बुडवण्यात याचा वाटा नाही काय? वित्तक्षेत्राला जाब विचारायचा तर सगळ्यांनाच विचारा.

खारपाणपट्टा:
अकोटच्या भाऊ, तुमी आमचेच, म्हनून सांगून राहिलो. २००८ ची माफी कोनाले भेटली ते तुमाले माहीत नाही काय? पाच एकराच्या आत असन त पूर्ण माफ, वर असन त आधी पंचाहत्तर टक्के भरा मंग पंचवीस टक्के सूट. आमच्या दर्यापूर-अकोटकडे पंधरा एकरवाला पन कोरडवाहू. हिरीचं पानी खारं, पिकाले देता येत नाही. कागदावर मोठा शेतकरी, घरात ज्वारी नाही. २००६ मंधी मनमोहनसिंग सायेबानं आमच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटीचं पॅकेज देलं, कारन इथं आत्महत्या होऊन राह्यल्या होत्या. अन् दोन वर्सानं माफी आली त त्याच जिल्ह्यातला अर्धा मानूस पाच एकराच्या बाह्यर.

त्याच साली अमेरिकेत बँका बुडाल्या. तिथं कोनी इचारलं का, तुमची इमारत पाच मजल्याच्या वर हाय, तुमाले पंचवीसच टक्के?

अंबानगरी:
@खारपाणपट्टा, २००८ ची अट चुकलीच होती, तेव्हा आम्ही शाखेत बसून शिव्या खाल्ल्या. पण म्हणून अकोटच्या भाऊचा मुद्दा खोटा ठरत नाही. माफीच्या वर्षी नियमित भरणारा हात चोळत बसतो, हे मी काउंटरवर पाहिलंय.

हिंगणघाटकर:
@अंबानगरी, अमेरिकेचं तुम्हीच काढलं म्हणून. लेहमन ब्रदर्स ही तिथली बँक १५ सप्टेंबर २००८ ला बुडाली, जगभर लोकांच्या नोकऱ्या गेल्या, अन् वॉल स्ट्रीटवरच्या मोठ्या बँकांपैकी जेलमध्ये गेला तो क्रेडिट स्विसचा करीम सेरागेल्डिन, एकटा. अडीच वर्षं. एआयजी ही विमा कंपनी सरकारी पैशावर वाचली अन् २००९ च्या मार्चमध्ये आपल्याच लोकांना साडेसोळा कोटी डॉलरचे बोनस वाटून मोकळी झाली. सरकारचे पैसे परत आले खरे, पण ज्यांची घरं जप्त झाली त्यांना कोणी घरं परत दिली नाहीत. अन् हे जमत नाही म्हणावं तर त्याच देशानं ऐंशीच्या दशकातल्या बचत-कर्ज संस्थांच्या घोटाळ्यात शेकड्यांनी बँकवाल्यांना शिक्षा केल्या होत्या. आइसलँडची लोकसंख्या आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, त्यांनी काउपथिंग बँकेच्या अध्यक्षापर्यंत लोकांना आत टाकलं. म्हणजे ज्याला करायचं असतं तो करतो.

अंबानगरी:
आत टाकलं, बरोबर. पण तुम्हीच वर म्हणालात ना की जेलनं ठेव परत येत नाही? मग आइसलँड कशाला काढता?

हिंगणघाटकर:
कारण दोन्ही पाहिजे. आधी पैसा, मग जेल. आपल्याकडे एकही वेळेवर नाही.

यवतमाळची:
तुमचा वाद वाचते आहे. माझी आई अंगणवाडीतून रिटायर झाली. मिळालेली रक्कम तालुक्यातल्या एका पतसंस्थेत ठेवली. पाच टक्के जास्त म्हणून नव्हे, अकोटचे भाऊ. ती संस्था घरापासून चालत पाच मिनिटांवर, अन् पिग्मीवाला रोज ओसरीवर येऊन पाणी पिऊन जाणारा, म्हणून. सरकारी बँकेत तिला तासभर रांगेत उभं ठेवून 'मुलाला घेऊन या' म्हणत. तिला मुलगा नाही.

आता शटर अर्धं उघडं असतं. आत एक क्लार्क बसतो.

बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, २०२० मध्ये तो एका लाखावरून वाढवला. आमच्याच यवतमाळात बाबाजी दाते महिला बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तेव्हा तिथल्या लहान ठेवीदारांना त्याच विम्याचा आधार होता. पतसंस्थेला तो लागूच नाही, हे ठेव ठेवताना कोणी सांगितलं नाही, अन् पासबुकावरही लिहिलेलं नसतं. माझ्या मते जाब इथून सुरू व्हावा. सिगारेटच्या पाकिटावर लिहितात, मग इथं का नको?

अन् मालमत्ता गोठवा म्हणता, तर त्यासाठी एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा १९९९ पासूनच आहे. अडचण पुढेच येते. जप्त झालेला प्लॉट लिलावात घेणार कोण? गावात सगळ्यांना माहीत असतं तो कोणाचा आहे. बोली लावायला कोणी पुढे येत नाही, उद्या त्याच माणसाच्या दारावरून जायचं असतं.

जुना गटसचिव:
बाई, हे लाख मोलाचं बोलल्या तुम्ही. लिलाव जिल्ह्याबाहेर अन् ऑनलाइन घ्यायला पाहिजे, मागणीही खरी तीच करायला पाहिजे.

अंबानगरी:
आणि मूळ घोळ राखणदारांचा आहे. सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँक अन् सहकार खातं, दोघांचा ताबा. बँकिंग कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले, पण पतसंस्था सहकार खात्याकडेच राहिल्या. तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे संस्था किती अन् माणसं किती, एकदा जाऊन पाहा. संचालकांच्या मालमत्ता गोठवायच्या गोष्टी करतो आपण, तिथं तपासायला माणूस नाही.

तुरीचे_घुगरे:
माणूस हाये ना काकाजी. तो मीटिंगले गेला.

अकोटचा, सध्या पुणे:
@यवतमाळची, ताई, पिग्मीवाल्याचं माझ्या डोक्यात नव्हतं. मत बदललं नाही, पण तुमच्या आईला जोखमीचं गणित सांगायची जबाबदारी संस्थेचीच होती, हे मान्य. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी मागा. एक-पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात.

यवतमाळची:
तेच पाहायला पासबुक काढलं. त्यावर 'नाममात्र सभासद' असा शिक्का आहे. म्हणजे ना मत, ना आमसभा. गावातल्या बहुतेक ठेवीदारांचं हेच आहे. खरे सभासद म्हणजे संचालकांचे नातेवाईक अन् कर्जदार. ते कशाला चौकशी मागतील?

क्लार्क म्हणतो, ठेवपावती जमा करा, नूतनीकरण करून देतो, व्याज अर्धा टक्का जास्त देऊ.

जुना गटसचिव:
मूळ पावती कोणाच्याच हातात देऊ नका! एकदा नवीन तारखेची पावती घेतली की तुमची ठेव थकलेली राहत नाही, मुदत अजून बाकी आहे असं दाखवायला ते मोकळे. हे त्यांचं नवं-जुनं. झेरॉक्स लावून मुदत संपल्याचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. गावातल्या दहा-वीस जणांचे असे अर्ज गोळा झाले की सोबत जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. तिथं नाममात्र की पूर्ण सभासद असं विचारत नाहीत, ठेवीदार असलं की पुरते.

यवतमाळची:
शेजारच्या दोघींनी मागच्या आठवड्यात पावत्या जमा केल्या. त्यांना सांगून येते.