१९६६ ची मस्टँग २८९ की २०१८ ची सिव्हिक एसआय?

चौथा_गियर (न्यू जर्सी):
एकच गाडी घ्यायची आहे, रोज साधारण ४० मैल. फोर्ड मस्टँग २८९ (घनइंचाचं इंजिन) व्ही-८, फोर-बॅरल म्हणजे चार नळ्यांचा कार्बोरेटर, कागदावर २२५ हॉर्सपॉवर. होंडा सिव्हिक एसआय १.५ लिटर टर्बो, २०५. म्हणजे मस्टँग जास्त ताकदवान ना? आणि ती घेतलीच तर आधी काय तपासायचं?

पाना_तेरा:
हे दोन आकडे एका तराजूतले नाहीत. २२५ हा 'ग्रॉस' आकडा आहे. इंजिन स्टँडवर, एअर फिल्टर आणि सायलेन्सर काढलेले, अल्टरनेटरचा भार नाही, अशा अवस्थेत मोजलेला. अमेरिकी कंपन्या १९७२ च्या मॉडेलपासून 'नेट' आकडा, म्हणजे हे सगळे भाग जोडलेले असताना मोजलेला, देऊ लागल्या. सिव्हिकचे २०५ नेट आहेत. वजन दोन्हींचं १,३०० किलोच्या आसपास. सरळ रस्त्यावरही सिव्हिकच पुढे जाईल. मस्टँगचं सुख वेगळं आहे: ४.७ लिटरचं इंजिन, गियर न बदलता शांतपणे चढ चढणारं.

खरी काळजी ब्रेकची. १९६६ च्या मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) एकच कप्पा असतो, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. १९६७ पासूनचा दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवा. पुढे डिस्क लावणार असाल तर मागच्या ड्रमच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) हवा, नाहीतर जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते.

गंज_शोधक:
मस्टँगच्या पुढच्या काचेखालच्या जाळीतून बादलीभर पाणी ओता आणि पायाशी हात लावून बघा. ओलं लागलं तर काऊल, म्हणजे त्या जाळीखालची पत्र्याची पेटी, सडलाय. बदलायला पुढचे पत्रे सोडवून वेल्ड कापावे लागतात, म्हणून चकचकीत रंगापेक्षा ही परीक्षा आधी. मग पुढच्या फ्रेम रेल्स (गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या पट्ट्या) आणि पायाखालचे पत्रे. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्राच डिकीचा तळ असतो. मागून ठोकर बसली तर त्याचा अर्थ काय, हे रोज हायवेवर जाणाऱ्याने नीट समजून घ्यावं.

पाना_तेरा:
हो, आणि इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी होज मऊ पडून गळतात. सगळे बदला. प्लॅटिनम पॉइंटची (स्पार्कसाठी करंट तोडणारे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट) गॅप ०.०१७ इंच ठेवा, त्यांना उघडणारा फायबरचा तुकडा झिजला की गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं, म्हणजे स्पार्क उशिरा पडतो. शिसंविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतात त्या कड्या) बसवायच्या त्या हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडाल तेव्हा, मुद्दाम त्यासाठी इंजिन खोलू नका.

चौथा_गियर:
सिव्हिकमध्ये काय बघू?

गंज_शोधक:
डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी. थंडीत छोट्या फेऱ्या झाल्या असतील तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वर चढलेली आणि पेट्रोलचा वास, दोन्ही दिसले तर आधी ऑइल बदलून मगच पुढची चौकशी करा. ४० मैल रोज असतील तर इंजिन पुरेसं तापतं, त्यामुळे हा त्रास तुम्हाला कमी. रोजसाठी सिव्हिकच घ्या.