पॅरिसहून ल्योंला: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-३०२: नमस्कार मंडळी. आम्ही दोघे ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जात आहोत आणि तिथून रेल्वेने ल्यों पाहून यावे, असा विचार आहे. सकाळी जाऊन रात्री परतावे की मुक्काम करावा? मला खाण्यात काहीही वर्ज्य नाही. हिला मात्र मासे व कोंबडी एवढेच चालते. अ-७०१ मधल्या ताई तिकडे शिकायला होत्या, म्हणून ग्रुपवरच विचारतो.

अ-७०१: नमस्कार काका. टीजीव्ही, म्हणजे तिकडची अतिवेगवान रेल्वेगाडी, साधारण दोन तासांत पोहोचवते, त्यामुळे त्याच दिवशी परतणे शक्य आहे. पण ल्यों हे दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा टेबलाशी निवांत बसून जेवण्याचे शहर आहे, तेव्हा एक रात्र तरी राहावे, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रान्समधली टीजीव्ही सेवा १९८१ साली याच मार्गावर सुरू झाली. पॅरिसमधल्या ज्या स्थानकातून गाडी सुटते त्याचेच नाव ‘गार द ल्यों’ आहे, तेव्हा तिकिटावर उतरण्याचे स्थानक ‘ल्यों पार-द्यू’ किंवा ‘ल्यों पेराश’ असल्याची खात्री करून घ्या. फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फलकावर लागतो आणि दारे दोन मिनिटे आधी बंद होतात. काकूंना आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कॉफीसाठी रांगेत राहणार नाहीत.

पार-द्यूला उतरल्यावर काचेच्या इमारती आणि मोठा मॉल समोर दिसतो, आणि ‘हेच का ते जुने शहर’ असे वाटून मन खट्टू होते. तिथे रेंगाळू नका. मेट्रोच्या बी मार्गाने साक्स-गाम्बेता आणि तिथून डी मार्गाने ‘व्ह्यू ल्यों’ गाठा. सोन नदीकाठचा हा भाग पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या घरांचा असून १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन गल्ल्यांमधल्या घरांच्या पोटातून, अंगणे ओलांडत, आरपार जाणाऱ्या बोळांना तिथे ‘त्राबूल’ म्हणतात. रू सँ-जाँवरील ५४ क्रमांकाचे दार ढकलून आत शिरलात की अंधाऱ्या वाटेने एकामागून एक अंगणे लागतात आणि तुम्ही थेट मागच्या रू द्यु बफवर निघता. आत लोक राहतात, त्यामुळे आवाज खाली ठेवावा.

क-१०४: आमच्या यात्रा कंपनीने ल्यों तीन तासांत उरकले होते. टेकडीवरचे चर्च, एक चौक, आणि बस. मला तरी तेवढे पुरेसे वाटले.

अ-७०१: काकू, क्षमस्व, पण तीन तासांत फूर्व्ह्येरची टेकडीच जेमतेम होते. तुम्ही पाहिलेल्या चर्चजवळच, म्हणजे बॅसिलिकाजवळच, रोमन नाट्यगृह आहे, कारण इसवी सनापूर्वी ४३ मध्ये रोमनांनी ‘लुग्दुनुम’ वसवले ते तिथेच. शिवाय जेवण राहते ते निराळे.

‘बुशाँ’ म्हणजे तिथली खास खाणावळ: एकमेकांना खेटलेली छोटी टेबले, बहुधा चौकडीची टेबलपोसे, आणि वाइन ४६ सेंटिलिटरच्या जाड बुडाच्या बाटलीत. मूळ जेवण कष्टकऱ्यांचे, त्यामुळे आतडी, यकृत आणि डुकराचे मांस पदार्थांत भरपूर असते. काकूंसाठी ‘केनेल’ मागवा: पाइक माशाचा गर, पीठ, लोणी आणि अंडी फेटून केलेला लांबट गोळा. ओव्हनमध्ये तो टम्म फुगतो, वरची साय तांबूस होते आणि भोवती झिंग्याच्या जातीच्या क्रेफिशचा नारिंगी सॉस खदखदत असतो. पाच मिनिटे थांबल्याशिवाय चमचा घालू नये. व्हिनेगरमधली कोंबडीही उत्तम. ‘सलाद ल्योनेझ’ नावावरून निरुपद्रवी वाटते, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. गोड म्हणून गुलाबी साखरी बदामांचा टार्ट.

या स्वयंपाकाचे श्रेय मोठ्या घरांत स्वयंपाकीण म्हणून राबून पुढे स्वतःचे दुकान थाटणाऱ्या बायकांना आहे. त्यांतल्या युजेनी ब्राझ्ये यांच्या दोन उपाहारगृहांना १९३३ मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलँ मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. पुढे जगभर गाजलेले शेफ पॉल बोक्यूज त्यांच्याच हाताखाली घडले, पण झाकलेल्या बाजारावर नाव लागले ते बोक्यूज यांचे! तो बाजार पार-द्यूपासून चालत जाण्याजोगा आहे. परतीच्या गाडीआधी चीज तिथून घ्यावे.

ड-५०३: ल्युमिएर बंधूंचे घरही तिथेच आहे ना? मुंबईत ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ज्यांची चलच्चित्रे दाखवली गेली, तेच.

अ-७०१: हो दादा, डी मार्गावरच मोंप्लेझीर-ल्युमिएर स्थानक आहे. १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार त्यांनी टिपले, ते तिथेच.

क-१०४: आणि रेशीम? मला त्यातच रस होता, पण बस थांबलीच नाही.

अ-७०१: त्यासाठी क्रुआ-रूसची टेकडी, काकू. नक्षीदार कापड विणणारा जॅकार्ड माग ल्योंच्याच जोसेफ-मारी जाकार यांचा. ते उंच माग मावावेत म्हणून तिथल्या घरांची छते सुमारे चार मीटरवर आहेत. याच विणकरांनी मजुरीच्या दरासाठी १८३१ मध्ये उठाव केला होता.

ब-३०२: ताई, मनापासून आभार. शनिवारी जाऊन सोमवारी परतावे का?

अ-७०१: नको काका, बऱ्याच बुशाँ रविवारी आणि सोमवारी बंद असतात. बुधवारी जा, गुरुवारी परता. दुपारचे जेवण बाराला सुरू होते आणि दोननंतर स्वयंपाकघर आवरते, त्यामुळे दहाच्या आसपास पोहोचणारी गाडी धरा.

ब-३०२: ठरले. आतड्यांचे सॉसेज मी एकटाच मागवीन, आणि हिच्यापासून एक खुर्ची लांब बसेन.