मदत हवी आहे: पीएचडीसाठी अकॅडमिक कोच घ्यावा का?

नमस्कार मंडळी. पीएचडीचं तिसरं वर्ष. कोर्सवर्क झालं, डेटाही गोळा झाला, आणि लिखाणापाशी येऊन घोडं पेंड खातंय. दुसऱ्या प्रकरणाच्या फायलींना 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशी नावं देऊन झाली; आत तोच परिच्छेद चौथ्यांदा खोडून लिहिलाय. परीक्षा होत्या तोवर माझं बरं चाललं होतं, कारण तारीख दुसरं कुणीतरी ठरवायचं. आता मीच ठरवते आणि मीच पुढे ढकलते.

गाईड चांगले आहेत, पण ते विषयाबद्दल बोलणार. 'आज लिहायला बसलीस का?' हे विचारणं त्यांचं काम नाही. म्हणून कोचचा विचार. माझ्या समजुतीप्रमाणे कोच विषय शिकवत नाही, प्रबंध लिहूनही देत नाही (देतो म्हणाला तर पळायचं!). कामाचे तुकडे पाडायला लावतो आणि ठरल्या दिवशी हिशेब मागतो. पण कोच म्हणवून घ्यायला सहसा परवाना लागत नाही. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन १९९५ पासून आहे, प्रमाणपत्रंही देते; तरी प्रमाणपत्रवाल्याला प्रबंधाची झळ माहीत असेलच असं नाही.

कुणी कोच घेतलाय का? किती सत्रांत फरक जाणवला? की मैत्रिणीसोबत व्हिडिओ कॉल लावून २५-२५ मिनिटं लिहीत बसणं, फुकटातलं, तेवढंच कामाचं? आणि मला कोच हवाय की समुपदेशक, हे कसं ओळखायचं? झोप उडालीये, कामामुळे की भीतीमुळे, कळेना.