मदत हवी आहे: रोहू-कटला संकर गुणसूत्रांवरून कसा ओळखायचा?

रोहू-कटल्याचा संकर वाटणारे काही मासे हाती आलेत. डोकं कटल्यासारखं मोठं, अंग मात्र लांबट. गुणसूत्रं मोजून सोक्षमोक्ष लावू म्हटलं, तर दोन्ही जातींची ५०च! आईबापांपैकी एक सायप्रिनस (कॉमन कार्प मासा, गुणसूत्रं १००) असता, तर नुसत्या मोजणीवर भागलं असतं.

कोल्चिसीन (पेशीविभाजन मध्येच थांबवणारं रसायन) टोचून मूत्रपिंडाच्या पेशी घेतल्या, पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुगवल्या, गिम्सा रंगाने रंगवल्या. पण बऱ्याच पेशींत ४६-४७च दिसतात. पेशी फुटून दोन-चार गुणसूत्रं वाहून जात असावीत. फुगवण्याचा वेळ कमी करू का?

शिवाय गुणसूत्रं इतकी बारीक की सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला भाग) मध्यात आहे की टोकाला, यावरच आमच्यात वाद. सिल्व्हर नायट्रेटने रंगवून आईबापांचा फरक कळेल, की सरळ डीएनए तपासणीच बरी? कुणी हे केलंय का?