शोभेचा पूल म्हणजे बिनकामाचा पूल का?

पाऊलवाट: इंग्लंडमधल्या विल्टशायरच्या स्टोरहेड बागेवरचा मजकूर मराठीत करतेय. तिथल्या तळ्याकाठी १७६२ सालचा पाच कमानींचा दगडी पूल आहे, मूळ मजकुरात 'ऑर्नमेंटल ब्रिज'. मी 'शोभेचा पूल' लिहिलं तर बहीण म्हणाली शोभेचा म्हणजे नुसता बघायचा, शोभेची बाहुली असते तसा. पण त्यावरून चालता येतं ना! काय लिहू?

अनुस्वार: बहिणीचं बरोबर आहे, 'शोभिवंत' करा. आणि पूल कशाला, तो फारसी, आपला सेतू आहे की.

चावीदगड: पूल काढलात तर कमानही काढा, तीही फारसीच, मूळ अर्थ धनुष्य. आणि सेतूचा जुना अर्थ बांध, 'सि' म्हणजे बांधणे यावरून. स्टोरहेडचं अख्खं तळं बांध घालून केलेलं आहे, म्हणजे तुमच्या हिशोबाने तिथला खरा सेतू तो बांध, हा पूल नाहीच.

अनुस्वार: रामाचा सेतू ओलांडायलाच होता. अर्थ बदलतात हो.

चावीदगड: बदलतात ना? मग पूलही मराठी झाला, तेच म्हणतोय मी.

ओसरी: आमच्या आजोळी ओढ्यावर 'साकव' होता, किती गोड शब्द आहे, बागेतल्या छोट्या पुलाला तोच शोभेल.

चावीदगड: साकव लाकडाचा, ओंडके टाकून केलेला. पाच कमानींना नाही चालणार.

ओसरी: आमचा दगडी होता आणि सगळे साकवच म्हणायचे, मी स्वतः त्यावरून गेलेय.

पाऊलवाट: पण 'शोभेचा' चालेल का ते सांगा ना कोणीतरी.

चावीदगड: चालेल. इंग्लंडमधल्याच स्टो नावाच्या बागेत विल्टन हाउसच्या बागेतल्या पुलाची नक्कल केली, तिथे पायऱ्यांऐवजी उतार ठेवला कारण घोडागाड्या जायच्या त्यावरून. म्हणजे शोभाही आणि कामही, शोभेची झाडं काय सावली देत नाहीत?

अनुस्वार: विल्टनच्या पुलावर तर खांब आणि छप्पर आहे, १७३७ च्या सुमाराचा. त्याला पूल म्हणणंच चूक, सेतुमंडप म्हणा.

ओसरी: मंडप तात्पुरता असतो, लग्नातला.

अनुस्वार: देवळातला सभामंडप तात्पुरता असतो का?