यहूदा इस्कर्योतचा पश्चात्ताप: मदत हवी आहे

बायबल अभ्यासगटासाठी यहूदावर, म्हणजे येशूला धरून देणाऱ्या शिष्यावर, टिपण करतोय आणि एका जागी अडलोय. लूक २२:२२ मध्ये मनुष्याचा पुत्र (येशू) ठरल्याप्रमाणे जातो, तरी धरून देणाऱ्याला 'हाय हाय' आहेच. म्हणजे देवाचा संकल्प आणि माणसाचा दोष एकाच वाक्यात.

तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताचं उत्तर पाहिलं: भाकीत हे कृत्याचं कारण नसतं. पण प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये पूर्वज्ञानाबरोबर ठाम संकल्पही आहे, तिथे हे उत्तर तोकडं पडतं. धर्मसुधारक कॅल्विनने प्राचीन चर्चमधल्या ऑगस्टीनकडून घेतलेला मुद्दा (पित्यानेही पुत्राला दिलं, यहूदानेही दिलं, हेतू वेगळे) जास्त पटतो. त्यामुळे दोषाचा भाग माझ्यापुरता सुटला.

खरी अडचण पुढे आहे. मत्तय २७:३-५ मध्ये यहूदा पस्तावतो, निर्दोष रक्त धरून दिल्याचं पाप कबूल करतो, मोबदल्यात मिळालेले ३० रुपये (चांदीची नाणी) मंदिरात टाकतो. २६:७५ मध्ये येशूला तीनदा नाकारलेला शिष्य पेत्र फक्त मोठ्या दुःखाने रडतो. कबुली नाही, भरपाई नाही. तरी सावरतो पेत्रच! ऑगस्टीन म्हणतो, यहूदा देवाच्या दयेविषयी निराश झाला. पण हे मत्तयात कुठे लिहिलंय? तिथे एवढंच दिसतं की कबुली याजकांपुढे झाली आणि त्यांनी 'आम्हाला काय त्याचे' म्हणून हात झटकले.

यहूदाच्या नावाचं बायबलबाहेरचं ज्ञानवादी (नॉस्टिक) शुभवर्तमान आणि त्याच्या मृत्यूच्या दोन वृत्तांतांतला फरक कृपया मध्ये आणू नका. योहान २१ मधली पेत्राची पुनर्स्थापना माहीत आहे, पण मला मत्तयापुरतंच राहायचंय. दोघांच्या पश्चात्तापात फरक करायला मत्तयाच्याच मजकुरात काही आधार आहे का, की तो नंतरच्या भाष्यकारांनी काढलेला निष्कर्ष आहे?